कितवी आणि कोणती



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण या व्याख्यानमालेला दरवर्षी जमतो, ते माझे मुख्याध्यापक होते. दहावीनंतर शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, तेव्हा त्यांनी विचारले, "नंबर काय रे तुझा?" मी सांगितले, "सदतीस." सर म्हणाले, "तो हजेरीचा. तू वर्गात कितवा, एवढंच तो सांगतो. वरचा एखादा पोरगा शाळा सोडून गेला की तू छत्तीस होशील. मला तू कोणता ते बघायचंय." मग त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढले, पाचवीत माझे नाव दाखल झाले होते ते पान उघडले आणि तिथला नंबर स्वतःच्या अक्षरात दाखल्यावर उतरवला. तो दाखला अजून माझ्याजवळ आहे.

आजच्या विषयाचे सगळे सार त्यांच्या त्या बोलण्यात होते, हे मला पुढे पंधरा-वीस वर्षांनी, मोठे नुकसान करून कळले. विषय संगणकाचा आहे. संगणकाला आपण डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड जोडतो. ऑपरेटिंग सिस्टिम त्यांना नावे कशी देते, त्या नावावर किती विसंबायचे आणि दोन सारख्या दिसणाऱ्या डिस्कमधून आपली डिस्क ओळखायची कशी, हे मला सांगायचे आहे. ऐकताना हे काम दुरुस्तीच्या दुकानातले वाटेल. पण आज सोसायटीचे कर्जखाते, शाळेचे निकाल, लग्नाचे फोटो आणि दवाखान्यातले अहवाल याच डिस्कवर असतात. त्यामुळे चुकीच्या डिस्कवर हात पडला की काय होते, हे प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

मराठीत आपल्याला दोन प्रश्न आयते मिळाले आहेत: 'कितवा' आणि 'कोणता'. इंग्रजीत 'कितवा' विचारायला एक सरळ शब्द नाही. आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळतो. 'कितवा' हा प्रश्न जागा विचारतो, रांग विचारतो. 'कोणता' हा प्रश्न त्या वस्तूलाच विचारलेला असतो. या दोन प्रश्नांची गल्लत हे संगणकातल्या कितीतरी अपघातांचे मूळ आहे.

ही गल्लत डोळ्यांनी पाहायची असेल तर दौंडला जायला हवे. दौंड-मनमाड मार्ग १८७८ पासूनचा. पुण्याहून येऊन मनमाडकडे निघणाऱ्या गाडीला दौंड जंक्शनात दिशा बदलावी लागे. पुढचे इंजिन सुटायचे आणि दुसऱ्या टोकाला इंजिन लागायचे. आता दौंड कॉर्ड लाइनच्या स्टेशनामुळे बऱ्याच गाड्यांचा हा फेरा वाचतो, पण माझ्या वयाच्या माणसांनी तो पुष्कळदा पाहिला आहे. त्या मुक्कामात कोणी चहा घ्यायला उतरला आणि "इंजिनापासून तिसरा डबा" एवढेच लक्षात ठेवून परतला, तर तो भलत्याच डब्यात चढायचा. त्याचा डबा जागेवरच होता. मोजणी मात्र उलट टोकाकडून सुरू झाली होती.

आता त्याच डब्याच्या बाजूला पाहा. तिथे 'एस ४' अशी पाटी असते. ती त्या गाडीपुरती, आरक्षणापुरती. आणि खाली रंगाने लिहिलेला पाच-सहा आकडी नंबर असतो. त्याचे पहिले दोन आकडे डबा बांधल्याचे साल सांगतात. डबा उद्या दुसऱ्या गाडीला लागला, पाटी बदलली, इंजिन या टोकाचे त्या टोकाला गेले, तरी तो नंबर बदलत नाही. मालगाडीच्या वाघिणीला तर अकरा आकडी नंबर असतो. वाघिणीचा प्रकार, मालक रेल्वे, साल आणि अनुक्रम त्यात येतात, आणि शेवटचा आकडा आधीचे दहा नीट उतरवले आहेत की नाही हे पडताळण्यासाठी असतो. एकाच डब्याला अशी तीन नावे: इंजिनापासून कितवा, पाटीवर काय, आणि अंगावर कोणता नंबर. तिन्ही खरी आहेत. प्रत्येकाचे काम मात्र वेगळे आहे.

संगणकात हेच आहे. आधी आपल्या ओळखीच्या 'सी ड्राइव्ह'चे घेऊ. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये 'सीपी/एम' ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. त्यात डिस्कना ए, बी अशी अक्षरे असत. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ मध्ये आला तेव्हा ए आणि बी ही दोन अक्षरे फ्लॉपीसाठी ठरून गेली. १९८३ च्या एक्सटी मॉडेलात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. तिच्या वाट्याला सी आले. फ्लॉपी गेल्या, त्यांचे खाचे गेले, पण पहिली दोन अक्षरे आजही बहुतेक घरांत रिकामी आहेत आणि आपला संसार 'सी'पासून सुरू होतो. पेन ड्राइव्ह आज 'ई' म्हणून उघडतो, उद्या आधी दुसरे काही जोडले असले तर 'एफ' म्हणून. हे अक्षर बहुतेक वेळा रांगेतली जागा सांगते. विंडोज २००० पासून या प्रणालीने प्रत्येक भागाची आतली खूण पाहून त्याचे अक्षर लक्षात ठेवायला सुरुवात केली, ही मोठी सुधारणा. पण आपल्याला दिसते ते अक्षरच, आणि आपण विसंबतो तेही त्याच्यावरच.

मी ज्या प्रणालीत आयुष्य काढले ती लिनक्स. तिच्या मागे युनिक्सची परंपरा आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये युनिक्स उभारली आणि एक फार सुंदर कल्पना रुजवली: प्रत्येक उपकरण एखाद्या फाइलसारखे दिसावे. 'डेव्ह' नावाच्या फोल्डरात डिस्क, छपाईयंत्र, टर्मिनल अशी सगळी नावे मांडलेली असतात. आपल्याला नाव दिसते. आत कर्नेलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, त्या नावामागचे दोन आकडे कळतात. पहिला आकडा उपकरण कोणत्या घराण्यातले ते सांगतो, दुसरा त्या घराण्यातले कितवे ते.

जुन्या आयडीई डिस्कना लिनक्स 'एचडीए', 'एचडीबी', 'एचडीसी', 'एचडीडी' म्हणत असे. ही नावे केबलवरून ठरत. पहिल्या केबलवरची मुख्य डिस्क एचडीए, तिच्यावरचीच दुय्यम डिस्क एचडीबी, दुसऱ्या केबलवरची मुख्य ती एचडीसी. मधली जागा रिकामी असली तरी एचडीसी ही एचडीसीच राहायची. जेवणाच्या पंगतीत प्रत्येकाचा पाट ठरलेला असावा, तसे. नाव जागेचे होते, पण ती जागा पक्की होती.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे स्कझी डिस्कची नावे 'एसडीए', 'एसडीबी' अशी. ती सापडण्याच्या क्रमाने मिळत. संगणक सुरू होताना जी डिस्क आधी जागी होऊन उत्तर देईल ती 'ए'. तिच्यानंतर येईल ती 'बी'. सव्वीस अक्षरे संपली की सत्ताविसावी 'एसडीएए'. मध्ये रिकामा पाट ठेवण्याची सोयच नाही. २००६-०७ च्या सुमारास लिनक्सने जुन्या आयडीई डिस्कही याच घराण्यात घेतल्या. काल जी एचडीए होती ती एका अद्ययावतीकरणात एसडीए झाली आणि 'एचडीए' असे लिहून ठेवलेल्या कितीतरी मशीन सुरूच होईनात. जुन्या पद्धतीचा कोड शेवटी २०२१ मध्ये कर्नेलमधून काढून टाकला गेला.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात नव्याने जमीनमोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला नंबर दिला, हद्दीला खुणा केल्या. ती पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली, आणि सर्व्हे नंबर हा शब्द आपल्या बोलण्यात आला. मग १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला, पुढच्या दशकांत गावोगाव एकत्रीकरण झाले आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जमीन तीच, काळी माती तीच, पण आजोबांच्या कागदावर एक आकडा आणि सातबाऱ्यावर दुसरा. दोन्ही आकड्यांचा मेळ घालण्यात आपल्या कितीतरी घरांनी तहसीलच्या चकरा मारल्या आहेत. एचडीएची एसडीए झाली तेव्हा जगभरच्या संगणकवाल्यांनी त्याच चकरा मारल्या.

आता मी माझ्या नुकसानीकडे येतो.

२०१० चा उन्हाळा. एका दूध संस्थेचा संगणक माझ्या दुकानात दुरुस्तीला आला होता. त्यातली ५०० जीबीची डिस्क खराब होत चालली होती, आवाज करत होती. मी तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क जोडली आणि पाहिले. जुनी एसडीए, नवी एसडीबी. मग 'डीडी' ही आज्ञा लिहिली. ही युनिक्समधली फार जुनी आज्ञा आहे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या 'डेटा डेफिनिशन' या विधानावरून तिचे नाव पडले. दौंड जंक्शनचा रेल्वेतला कोडही डीडीच, त्यामुळे ती टाइप करताना मला नेहमी दौंड आठवते. तिला दोन गोष्टी सांगायच्या असतात: कुठून वाचायचे आणि कुठे लिहायचे. ती "नक्की ना?" असे विचारत नाही. सांगितले तिथे लिहीत सुटते, आधी तिथे काय आहे ते बघतही नाही.

मी आज्ञा दिली आणि पुढच्याच क्षणी वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते. दोन तासांनी वीज आली, संगणक पुन्हा सुरू केला, वरच्या बाणाची कळ दाबून तीच आज्ञा परत आणली आणि एंटर दाबले. पाहिले नाही. आजारी डिस्क फिरायला वेळ लावत होती. त्यामुळे नव्या डिस्कने आधी उत्तर दिले आणि 'ए' झाली. जुनी 'बी' झाली. रिकाम्या डिस्कवरचे रिकामपण मी भरलेल्या डिस्कवर लिहिले. क्षमता सारखी असल्याने कुठेही विसंगती दिसली नाही, एकही चूक-संदेश आला नाही. लिनक्सच्या हिशोबाने सगळे बरोबर होते. 'ए' वाच म्हणालो, तिने 'ए' वाचली.

संस्थेचा दहा दिवसांचा दुधाचा पगार वाटायचा होता. त्या पगारावर किराणा, औषधे आणि पेंडीची उधारी अवलंबून असते, हे इथे कोणाला सांगायला नको. मी संस्थेत जाऊन जे झाले ते सांगितले. कोणी ओरडले नाही, आणि त्याचे मला जास्त लागले. गावातल्या बायांनी घरोघरच्या पावत्या आणल्या. तारेत ओवलेल्या, साखरेच्या डब्यात ठेवलेल्या, देव्हाऱ्यामागे खोचलेल्या. प्रत्येक पावतीवर तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट आणि उत्पादकाचा कोड. त्या गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे तिघे दूध घालत होते. फक्त नावावर गेलो असतो तर तिघांचे दूध एकाच्या खात्यात पडले असते. कोड होता म्हणून लिटर न् लिटर ज्याचे त्याला मिळाले. चार दिवस आणि चार रात्री आम्ही ते सगळे पुन्हा टाइप केले. दहा दिवसांचा पगार झाला. मागचा सगळा इतिहास मात्र गेला तो गेलाच.

त्या चार रात्री माझ्या डोक्यात सरांचा प्रश्न घुमत होता. संगणकाने मला कितवी ते सांगितले होते. मी ते कोणती म्हणून ऐकले.

वाईट याचे वाटते की 'कोणती'चे उत्तर तेव्हाही त्याच संगणकात हजर होते. लिनक्सच्या विकसकांनी या दुखण्याचा विचार आधीच केला होता. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये 'यूडेव्ह' मांडले. त्यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो. कर्नेलने फक्त कळवावे की अमुक उपकरण आले आहे. त्याला कोणत्या नावाने ओळखायचे हे बाहेर, नियमांनी ठरावे, आणि ते नियम माणसाला लिहिता यावेत. यूडेव्हमुळे एकाच डिस्ककडे नेणारी अनेक नावे एकाच वेळी तयार होतात. एक रांगेचे, एक ती ज्या खोबणीत बसली आहे त्या वाटेचे, एक तिच्या मॉडेल आणि सीरियल नंबरचे, एक तिच्यावरच्या लेबलचे, एक तिच्या यूयूआयडीचे. दौंडच्या फलाटावरच्या डब्यासारखेच.

यूयूआयडी म्हणजे १२८ बिटांचा आकडा. मध्ये रेघा टाकून छत्तीस चिन्हांत लिहितात. ही कल्पना १९८०च्या दशकात अपोलो कॉम्प्युटरमध्ये पुढे आली आणि २००५ मध्ये इंटरनेटच्या मानकांत आरएफसी ४१२२ म्हणून नोंदली गेली. त्याच्या आज सर्वाधिक चालणाऱ्या प्रकारात १२२ बिट निव्वळ योगायोगाने निवडलेले असतात. म्हणजे शक्य आकड्यांची संख्या पाचावर छत्तीस शून्ये एवढी. त्यामुळे कोणत्याही मुख्य कचेरीला न विचारता शिरूरच्या दुकानात फॉरमॅट केलेल्या डिस्कला जगात दुसरीकडे नसलेला आकडा मिळतो. जनरल रजिस्टर नाही, ते ठेवणारे मुख्याध्यापक नाहीत, तरी नंबर वेगळा! मला या कल्पनेचे कौतुक अजून संपत नाही.

पण इथे एक बारकावा आहे आणि तो मला नीट सांगायचा आहे, कारण शिकलेली माणसेही इथे घसरतात. यूयूआयडी धातूच्या डिस्कचा नसतो. तो तिच्यावर मांडलेल्या फाइलप्रणालीचा असतो आणि फॉरमॅट करताना लिहिला जातो. पुन्हा फॉरमॅट केले की नवा यूयूआयडी. धातूची ओळख वेगळी. कारखान्यात मिळालेला सीरियल नंबर, आणि बऱ्याच डिस्कवर 'वर्ल्ड वाइड नेम' नावाचा सोळा चिन्हांचा आकडा. तो बहुधा ५ पासून सुरू होतो आणि पुढची सहा चिन्हे कोणत्या कंपनीची डिस्क ते सांगतात. वाघिणीचा नंबर वेगळा, आतल्या मालाची पावती वेगळी, असे समजा. त्या दिवशी दूध संस्थेच्या डिस्कवरचा सीरियल नंबर जसाच्या तसा राहिला. आतला यूयूआयडी गेला, आणि त्याच्याबरोबर माल गेला. 'कोणती' विचारताना आधी ठरवावे लागते की आपण वाघीण शोधतो आहोत की माल.

लेबल हा तिसरा प्रकार. ते आपण ठेवलेले नाव, म्हणून वाचायला गोड. पण नाव ठेवणारे पुष्कळ आणि आवडती नावे थोडी. एके काळी रेड हॅट लिनक्स बसवताना मुख्य भागाला सरसकट एकच लेबल देत असे, एक तिरकी रेघ. मग जुन्या मशीनची डिस्क नव्या मशीनला लावली की एकाच लेबलचे दोन भाग समोर, आणि संगणकाने भलताच उघडला असे व्हायचे.

आपण शिरूरकरांनी तर हे सहज समजून घ्यावे. पुणे जिल्ह्यात शिरूर आहे, बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहेत. लातूरच्या स्टँडवर "शिरूरची गाडी कुठली?" असे विचारून पाहा. उत्तर बरोबर मिळेल, पण ते तुमच्या शिरूरचे नसेल. आपले जुने लोक आपल्या शिरूरला घोडनदी म्हणत, त्यात नदीची खूण होती. टपालखात्यापुढे हाच प्रश्न साऱ्या देशाचा होता. सारखी गावे, वेगवेगळ्या लिप्या, वेगवेगळी स्पेलिंगे. दौंडचेच इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांत वेगळे होते. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी, जे संस्कृतचे कवीही होते, त्यावर पिनकोड योजला आणि तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. शिरूरचा ४१२२१०, दौंडचा ४१३८०१. नावाचा उच्चार चुकला, अक्षर चुकले, तरी पत्र घोडनदीलाच येते.

इथे कोणी म्हणेल, ठीक आहे, नंबर पाहायचा आणि निर्धास्त व्हायचे. तेवढ्यानेही भागत नाही. डीडीने डिस्कची प्रत काढली की यूयूआयडीचीही प्रत निघते. मग एकाच ओळखीच्या दोन डिस्क समोरासमोर येतात. एक्सएफएस ही फाइलप्रणाली अशा वेळी दुसरी उघडायला नकार देते, आणि ते योग्यच आहे. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलप्रणालीत दोन्ही एकाच वेळी जोडलेल्या राहिल्या तर तिची गफलत होऊन डेटा बिघडू शकतो. विंडोजही दोन डिस्कची आतली सही सारखी निघाली की त्यांतली एक बंद ठेवते. सीरियल नंबरचेही तसेच. यूएसबीच्या डबीत बसवलेली डिस्क कधी स्वतःचा नंबर सांगते, कधी डबीचा. स्वस्त पेन ड्राइव्हच्या काही खेपांत तर सगळ्यांवर एकच नंबर छापलेला सापडतो. ज्या ओळखीची नक्कल होऊ शकते तिच्यावर एकटीवर भार टाकू नये.

मग करायचे काय? उत्तर आपल्या दस्तलेखकांकडे फार आधीपासून आहे. खरेदीखतात नुसता गट नंबर लिहून कोणी जमीन विकत नाही. गाव, गट नंबर, क्षेत्र, आकार, आणि त्याखाली चतुःसीमा: पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस शिवरस्ता, उत्तरेस काय. एक आकडा चुकला तरी बाकीच्या खुणा ओरडून सांगतात की हे ते शेत नव्हे. जमीन एकदा हातची गेली की परत येत नाही, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी ही पद्धत घातली. डिस्कवर पुसण्याचे काम करणे म्हणजे तेवढेच परत न येणारे काम. तिथेही चतुःसीमा लिहायला हवी. क्षमता किती, मॉडेल कोणते, सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे काय, आणि आत सध्या काय आहे. लिनक्समध्ये 'एलएसबीएलके' ही छोटी आज्ञा हे बहुतेक सगळे एका तक्त्यात दाखवू शकते. विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' उघडले की डिस्कचा आकार, तिचे भाग आणि लेबले दिसतात. दोन-तीन खुणा जुळल्या तरच हात लावायचा. एक जरी जुळली नाही तर थांबायचे.

आणि हे ज्या क्षणी कराल त्याच क्षणी पुढे जा. काल पाहिले होते, सकाळी पाहिले होते, वीज जाण्याआधी पाहिले होते, यांतले काहीही चालत नाही. माझी चूक नेमकी तिथे झाली. मी पाहिले होते, पण इंजिन बदलण्याच्या आधी.

जागेच्या नावाला मी वाईट ठरवतो आहे असे मात्र समजू नका. मोठ्या सर्व्हरमध्ये चोवीस डिस्क ओळीने बसवलेल्या असतात. त्यातली एक बिघडली की माणसाला 'कितवी' हेच कळायला हवे. छत्तीस चिन्हांचा आकडा हातात घेऊन तो फडताळासमोर उभा राहिला तर चांगली डिस्क उपसून काढील. म्हणून तिथे वाटेचे नाव वापरतात, खोबणीवर दिवा लुकलुकवतात. हजेरीचा नंबरही वर्गात उपयोगी असतोच, परीक्षेला बसवायला त्यापेक्षा सोपे काही नाही. दाखल्यावर मात्र तो चालत नाही.

या सभागृहात फोटोग्राफर मंडळी आहेत, सोसायट्यांचे सचिव आहेत, शाळांचे लिपिक आहेत. तुमच्या कॅमेऱ्यातली दोन्ही कार्डे संगणकाला जोडली तर कधी कधी दोन्ही 'नो नेम' असेच दाखवतील, कारण बाळाचे नावच कोणी ठेवलेले नसते. एकात कालचे लग्न आहे, दुसरे रिकामे आहे, आणि फॉरमॅट करण्याची घाई आहे. माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. घरी गेल्यावर प्रत्येक डिस्कवर, पेन ड्राइव्हवर, कार्डावर चिकटपट्टी लावा आणि पक्क्या शाईने एक खूण लिहा. तीच खूण लेबल म्हणून आतही द्या. एका वहीत ती खूण, क्षमता, सीरियल नंबर आणि आत काय आहे ते लिहा. ती वही संगणकात ठेवू नका, कागदावर ठेवा. डिस्क बदलली, फॉरमॅट केली, कोणाला दिली की त्या दिवशीची तारीख घालून नोंद करा, फेरफार लिहितात तसा.

माझ्या दुकानात अशी वही २०१० पासून आहे. तिच्या पहिल्या ओळीत त्या दूध संस्थेच्या डिस्कचा सीरियल नंबर आहे, आणि 'आत काय' या रकान्यात लिहिले आहे: रिकामी.